हरळीची हिरवळ व वैशाखाचे ऊन

ज्या हरळीच्या काशा वेचण्यात आपल्या वाडवडिलांचे उन्हाळे गेले, तीच हरळी आता चाकण, मोशी, ताथवडे या बाजूंस पैसे मोजून लावण्यात येते, हे पाहून आम्हांस प्रथम हसू आले. पीकपाहणीच्या रकान्यात हरळीस कोणी जागा दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परंतु कारखान्यांस जमिनी गेल्यावर उरलेल्या दोन-चार एकरांत ज्यांनी लग्नकार्यासाठी 'लॉन्स' काढली, त्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. आणि लग्नतिथी दाट येतात त्या नेमक्या कडक उन्हात, विहिरी तळाला गेल्यावर. म्हणून सर्वांत नाजूक हिरवळ राखणाऱ्या गोल्फच्या माळ्यांची रीत येथे सांगण्याचे योजिले आहे.

गोल्फच्या खेळात चेंडू शेवटी एका भोकात घालावयाचा असतो. त्या भोकाभोवतीचा सुमारे पाच गुंठ्यांचा तुकडा म्हणजे 'ग्रीन'. तेथील गवत तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढेच उंच ठेवतात. पुण्यास येरवड्याचे मैदान या खेळासाठी प्रसिद्ध आहे. विलायतेत ग्रीनवर बेंट नावाचे थंड हवेचे गवत असते. पारा तिशीपलीकडे गेला की त्याची मुळे आखडू लागतात. आपली हरळी मात्र ऊस, मका व बाजरी यांच्या जातकुळीची. तिला ऊन मानवते. अमेरिकेतील टिफ्टन येथे हरळीचा आफ्रिकेतील एका भाऊबंद गवताशी संकर करून १९६५ साली 'टिफड्वार्फ' ही बुटकी जात प्रसिद्ध केली. तिला बी धरत नाही. उसाप्रमाणे कांड्या लावूनच ती वाढते. मोरयास वाहावयाची दूर्वा सातासमुद्रांपलीकडे जाऊन अशी नटून आली, ही मौज आहे.

तर मग हिरवळ उन्हाळ्यात जळते कशाने? आमच्या मते उन्हापेक्षा माणसाच्या हातानेच अधिक. चाकणजवळ एका कार्यालयात रोज दुपारी बाराला नळी धरून वरवर पाणी शिंपडीत असत, तरी गवत पिवळेच. खुरप्याने ढेकूळ काढून पाहिले तो मुळे जेमतेम दोन बोटे खोल, खाली माती कोरडी ठाक! वरच पाणी मिळते म्हटल्यावर मूळ खाली कशास जाईल? ग्रीनवरील माळी पहाटे पाणी देतो व जमीन वीतभर भिजवितो. मग गवताने मागितल्याखेरीज पुन्हा देत नाही. पाऊल उमटून तसेच राहू लागले, पात्यांवर निळसर-करडी छटा आली, की ते मागणे समजावे. दुपारी ग्रीनवर क्षणभर तुषार सोडतात तो केवळ पाते थंड करण्यासाठी, पोट भरण्यासाठी नव्हे. रात्री पाणी दिल्यास पाते ओले राहून बुरशी धरते.

कापणीविषयी थोडक्यात. उन्हाळ्यात माळीदेखील यंत्राचे पाते थोडे वर उचलतो. आपण दीड-दोन इंचांखाली जाऊ नये व एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. बोथट पात्याने शेंडे फाटून पांढरे पडतात. तुडवून घट्ट झालेल्या जमिनीस भोके पाडून वाळू भरावयाची ती पावसाच्या तोंडावर, ऐन उन्हात नव्हे.

आता पाण्याचा हिशेब. एक गुंठा वीस मिलिमीटर भिजविण्यास सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते. एकरास ऐंशी हजार, म्हणजे दहा हजारी टँकरच्या आठ खेपा, आणि आठवड्यातून अशा दोन पाळ्या. हे पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न आपल्या भागात साधा नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या विरोधात बऊर येथे शेतकरी जमले असता गोळीबार झाला व तिघे प्राणास मुकले. त्यांत एक बाई होती. २०१६ च्या दुष्काळात मैदानांच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे पुढील सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले आणि २०१८ साली गहुंज्याच्या मैदानासाठी पवनेचे पाणी घेण्यास मनाई केली. तेव्हा मंडपापुढील गवतासाठी नदीत मोटर सोडणाऱ्याने शेजारच्या उसाकडे एकवार पाहावे.

शुद्ध केलेले सांडपाणी मिळत असेल तर हरळीस ते चालते. त्यात नत्र असते, म्हणून युरिया कमी करावा. क्षारही असतात, म्हणून अधूनमधून पाणी भरपूर देऊन ते मुळांखाली उतरवावे लागतात व निचरा नीट लागतो. सर्व मैदान हिरवे राखण्याचा हट्टही नको. गोल्फवाल्यांची अठरा ग्रीने मिळून दोन-सव्वादोन एकर भरतात. जिवापाड जपतात ती तेवढीच. आपणही व्यासपीठासमोरचे दहा गुंठे जपावे व बाकीचे वाळू द्यावे. वरून ते मेलेले दिसेल, परंतु काशा जिवंत असतात, हे ज्याने हरळी खणली आहे त्यास सांगावयास नको. मृगाच्या सरीनंतर पंधरवड्यात ती पुन्हा फुटते. आणखी एक: रात्रीचे कार्य आटोपले की जाजमे उजाडण्यापूर्वी गुंडाळावी, त्यांच्याखाली दुपारच्या उन्हात गवत अक्षरशः शिजते.