मुरमाची वाट आणि चाकातली हवा

सायकलच्या दुकानात हवा भरून झाली की आपण काय करतो? अंगठ्याने टायर दाबून पाहतो. दगडासारखा लागला की समाधान! ‘टंच’ हवा तीच चांगली हवा, अशी आपली पक्की समजूत. डांबरी सडकेवर ती बरीचशी खरीही आहे. पण धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगराकडे वळा, नाही तर रावेरकडून पालच्या बाजूला सातपुड्यातल्या कच्च्या वाटेला लागा; तिथे हीच समजूत माणसाला पाडते. मी पडलो आहे, म्हणून सांगतो. कॉलेजात शिकत असताना अशाच एका मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला, पुढचे चाक बाजूला सरकले आणि कोपर सोलून निघाले. हवा त्याच सकाळी टंच भरून घेतली होती.

असे का व्हावे? चाक जमिनीला एका लहानशा लांबट ठशावर टेकते. समजा, स्वार 60 किलोचा आणि सायकल 20 किलोची. मागच्या चाकावर त्यातले 48 किलो, म्हणजे सुमारे 106 पौंड आले. हवा दर चौरस इंचाला 40 पौंड असेल, तर ठसा अडीच चौरस इंचांहून थोडा मोठा. 60 पौंड भरलीत, तर पावणेदोनच. शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर करून पाहावे. टायर ओला करून चौकटीच्या कागदावर टेकवावा, एका मुलाला सायकलवर बसवावे, दोघांनी ती धरावी आणि ठशातल्या चौकटी मोजाव्यात. हिशेब तंतोतंत जुळणार नाही, कारण थोडा भार टायरचे रबरही घेते. पण हवा वाढली की ठसा आकसतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

टणक टायर खड्यांच्या टोकांवरून उड्या मारतो. जमीन सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. शिवाय दर उडीला आपले वजन उचलायचे, तेही आपल्याच पायांनी! जरा मऊ टायर खडा पोटात घालतो आणि जमीन सोडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर 1970 नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून पळवू लागले. आजची माउंटन बाइक त्यातूनच आली. तिच्या दोन इंची टायरमध्ये डोंगरात बहुधा 25 ते 35 पौंडच हवा ठेवतात.

म्हणून हवा वाटेल तितकी सोडू नका. फार मऊ टायर दगडावर आपटला की ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चेमटते आणि शेजारीशेजारी दोन भोके पडतात. बाभळीच्या काट्याचे म्हणाल, तर तो मऊ-टणक पाहत नाही! आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात बसला, की हवा कितीही असो, सायकल खांद्यावरच घ्यावी लागते.

आपल्याकडचे ऊनही हिशेबात धरावे लागते. सावलीत 25 अंशांना 40 पौंड भरलेला टायर उन्हात 55 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब साडेपंचेचाळीसच्या घरात जातो. गणित मुलांकडून करून घ्या. फक्त दाबात वातावरणाचे सुमारे 15 पौंड आणि अंशांत 273 मिळवायला विसरू नका.

मग नेमकी हवा किती? आपल्या साध्या, दीड इंची टायरच्या सायकलीला कच्च्या वाटेवर मागे 40 पौंडांच्या आसपास आणि पुढे चार-पाच पौंड कमी, कारण पुढे भार कमी असतो. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादा मात्र ओलांडू नयेत. अडचण अशी, की रबरी व्हॉल्व्हट्यूबच्या सायकलीला मीटर नीट लागत नाही, आणि मीटरच्या पंपाचा काटा आतल्या दाबापेक्षा जास्त दाखवतो. तेव्हा सायकलवर बसा आणि दुसऱ्याला मागचा टायर पाहायला सांगा. दीड इंची टायर पाव इंचाला थोडा कमी इतका दबला, की हवा बेताची समजा. सडकेवर टंच हवेनेच जा. मुरूम लागला की व्हॉल्व्हची चकती जराशी सैल करून हवा सोडा. परतीसाठी पंप मात्र बरोबर असू द्या.