कामठीचा फोन आणि आकाशातला टॉवर

नागपूरजवळ कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने कामठी वाढली. एकीकडे लष्कराची मोकळी जमीन, जिथे संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय टॉवर उभा राहत नाही. दुसरीकडे जुन्या गावातली दाट वस्ती. उपग्रहाशी थेट बोलणारा मोबाइल येतोय म्हटल्यावर इथल्या माणसाला साहजिकच वाटते, घरात शिरताच तुटणारा कॉल आता टिकेल. दुर्दैवाने तसे होणार नाही.

उपग्रहावरून बोलणे महाराष्ट्राला नवे नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. तिथली तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती, कारण उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जाई, उत्तर ऐकू यायला अर्धा. परदेशी कॉलवर दोघे एकमेकांचे बोलणे तोडत, ते यामुळेच.

आता उपग्रह खाली आले आहेत, पाचेकशे किलोमीटरवर. खिशातला फोन मात्र जेमतेम पाव वॉटने बोलतो. त्याची शक्ती वाढवता येत नाही, म्हणून उपग्रहाचा कान मोठा करायचा, हा यातला मार्ग. २४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून एएसटी स्पेसमोबाइल या अमेरिकी कंपनीचा ब्लूबर्ड उपग्रह सोडला. वजन सुमारे ६,१०० किलो, उलगडलेला अँटेना सुमारे २२३ चौरस मीटर. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळतो, त्यामुळे लहरींची वारंवारता सतत सरकत असते आणि ती सावरत राहावी लागते. साध्या फोनशी हे साधणे, हा मला या काळातला मोठा पराक्रम वाटतो.

पण अशा उपग्रहाचा एक झोत कित्येक किलोमीटर रुंद पसरतो आणि त्याखालच्या सगळ्यांना तेवढीच क्षमता वाटून घ्यावी लागते. कामठी-नागपूर पट्ट्यात ती लाखोंमध्ये वाटली जाईल. शिवाय इतक्या क्षीण लहरी स्लॅबमधून आत शिरत नाहीत. घरातला कॉल सुधारायचा तर जवळ टॉवर हवा आणि त्या टॉवरपर्यंत चांगली फायबर हवी.

तरीही उपग्रह कामठीच्या कॉलला आजच मदत करतो आहे, आपल्याला न दिसता. ५जी टॉवर बहुतेक वेळा एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. शेजारच्या टॉवरची घड्याळे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकी जरी चुकली, तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळते. म्हणून बहुतेक टॉवर जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांवरच्या अणुघड्याळांवरून वेळ लावून घेतात.

आकाशातून येणाऱ्या जोडणीचा पहिला हक्क गडचिरोलीचा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. जंगलातून, नाल्यांतून फायबर टाकणे आणि ती टिकवणे अवघड, म्हणून अशा भागात टॉवरलाच उपग्रहाने जोडण्याचा मार्ग धरतात. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव ही नावे आहेत. ही सेवा छपरावरच्या तबकडीतून इंटरनेट देणारी आहे, थेट फोनची नव्हे. पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला जिल्हा रुग्णालयाशी बोलता यायला तेवढीही पुरे. सरकारी पैसा आधी तिथे जावा, असे मला ठामपणे वाटते.

कामठीकरांचे साधन जमिनीवरच आहे. कॉल तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन दूरसंचार नियामक ट्रायने मोबाइल कंपन्यांवर घातले आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशाही द्यावा लागतो. तो नकाशा उघडा. त्यात तुमच्या गल्लीत सेवा दाखवली असेल आणि फोन लागत नसेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.