पाच डबे नको, दोन स्पीकर घ्या!
दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. मागच्या माणसालाही संवाद कळला पाहिजे, हे नागभीडच्या पोरांना काय सांगायचं? दोस्तांनो, साठवलेल्या पैशांतून पहिलं होम थिएटर घेताना हीच कसोटी लावा. बजेट कमी असेल तर स्वस्त ५.१ सेटचा मोह सोडा. स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर घ्या, सबवूफर नंतर. खोक्यावरचे हजारो ‘पीएमपीओ’ वॅट नुसता दिखावा, ‘आरएमएस’ वाचा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका. तो तापून जळू शकतो. टीव्हीला कोणती वायर लागते, तेही आधीच बघा. दुकानात गाणं नको, संवादाचा सीन लावायला सांगा. शब्द स्पष्ट कळले, तरच पैसे मोजा.