शिडावर कांदा मिरवणारे घराणे



अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचे पाच खंड १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झाले. त्यातील वेस्टेरॉस हा देश काल्पनिक असला, तरी त्याची घडण युरोपातील मध्ययुगीन सरंजामशाहीसारखी आहे. वर राजा, त्याच्या खाली मोठी घराणी आणि त्यांच्या पदरी असंख्य छोटे सरदार. मोठ्या घराण्यांच्या निशाणांवर सिंह, लांडगा, हरीण अशी चिन्हे फडकतात. आज आम्ही ओळख करून देत आहोत ती सीवर्थ या छोट्या घराण्याची. त्याच्या निशाणावर आहे काळे गलबत आणि गलबताच्या शिडावर चक्क कांदा!

घराण्याचा मूळ पुरुष डॅव्होस हा राजधानीतील गरीब वस्तीत जन्मलेला, समुद्रावर चोरटा व्यापार करणारा माणूस. स्टॉर्म्स एन्ड या किल्ल्याला सुमारे वर्षभर वेढा पडला होता. आतली माणसे उंदीर खाऊन जगत होती. एका रात्री शत्रूच्या आरमाराला चुकवून डॅव्होसने कांदे आणि खारे मासे किल्ल्यात पोहोचवले. किल्ला तगला.

किल्लेदार स्टॅनिसने त्याला सरदारकी आणि जमीन दिली. मात्र जुन्या गुन्ह्यांची शिक्षा म्हणून डाव्या हाताच्या चार बोटांची टोकेही छाटली. सेवेचे बक्षीस वेगळे, गुन्ह्याची शिक्षा वेगळी. त्यांची वजाबाकी होत नाही, असा हा न्याय. डॅव्होसने तो मान्य केला. अट एकच, घाव स्टॅनिसने स्वतः घालावा.

खानदानी सरदार त्याला ‘कांदेवाला’ म्हणून हिणवीत. पण त्याने आपले मूळ लपवले नाही. कांदा शिडावर मिरवला आणि बोटांची हाडे पिशवीत घालून गळ्यात बाळगली. पुढे एका लढाईत ती पिशवी हरवली आणि सात मुलांपैकी थोरले चार मुलगेही गेले.

तरीही आम्हांला त्याचा खरा पराक्रम वाटतो तो निराळाच. डॅव्होस निरक्षर होता. स्टॅनिसने त्याला प्रधान नेमले, तेव्हा प्रौढ वयात तो वयाने लहान असलेल्या पायलॉस या पंडिताकडे मुळाक्षरे गिरवू लागला. वाचनाच्या सरावात एक दुर्लक्षित पत्र त्याच्या हाती आले. उत्तरेच्या सीमेवरील पहारेकरी मदत मागत होते. डॅव्होसने ते राजाला वाचून दाखवले. स्टॅनिस सैन्यासह उत्तरेला गेला आणि पहारेकरी वाचले.

चार बोटे तोडलेल्या या सरदाराला अडखळत वाचण्याची लाज वाटली असती, तर ते पत्र तसेच पडून राहिले असते. वर्गात शंका विचारायला संकोच करणाऱ्यांनी, आणि ‘आता या वयात काय शिकायचे’ म्हणणाऱ्या आम्हा मोठ्यांनीही, हे घराणे जरूर लक्षात ठेवावे.