सर्व्हिसिंग झाली, मग इंजिनमधून आवाज कसला?

ईद दोन दिवसांवर आली होती. मुंब्र्याहून महाडला गावी जायचे म्हणून आदल्या संध्याकाळीच गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, सगळे नवे. पेण मागे पडले आणि मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "शिलाई मशीन चालल्यासारखी टकटक येतेय रे. काल नव्हती." मी म्हटले, "कालच तर सर्व्हिसिंग झाली, काही नाही होत."

वडखळजवळ गर्दीत गाडी थांबली आणि समोर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. हळूहळू जाऊ, दोन-अडीच तासांत पोहोचू, असे माझ्या मनात होते. अम्मीने ऐकले नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. खाली वाकून पाहिले तर थेंब थेंब ऑइल गळत होते. डिपस्टिकच्या फक्त टोकाला ऑइल लागले.

जवळच्या मेकॅनिकने फिल्टर खोलला आणि कारण लगेच सापडले. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली होती. तिच्यावरच नवा फिल्टर बसवल्याने दोन रिंगांमधून ऑइल गळत होते. जुनी रिंग काढली, ऑइल भरले आणि टकटक थांबली. तसेच पुढे गेलो असतो तर इंजिन जाम झाले असते आणि खर्च लाखाच्या घरात गेला असता.

हात कुठे लागला ते आधी पाहा

सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला आवाज बहुधा ज्या भागाला हात लागला तिथूनच येतो. म्हणून बिल समोर ठेवा आणि आवाजाशी ताडून पाहा.

टकटक: बॉनेटच्या वरच्या बाजूने येणारी आणि रेस दिल्यावर वाढणारी टकटक म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत टॅपेटचा आवाज. ऑइल कमी भरले, चुकीच्या ग्रेडचे भरले किंवा गळते आहे का, हे पाहा. ऑइल जास्त भरले तरी ते घुसळून फेसाळते आणि तोच आवाज येतो. ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड झाली तर घाबरू नका, रिकामा फिल्टर भरेपर्यंत तसे होते.

सूं-सूं: एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप उघडी राहिली किंवा पाइप नीट बसला नाही की हवा ओढल्यासारखा आवाज येतो.

फटफट आणि थरथर: प्लग बदलले असतील तर एखादा प्लग सैल राहिला असेल किंवा कॉइलची वायर नीट बसली नसेल. चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो. तो लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका.

चीं-चीं: सकाळी गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना किंकाळीसारखा आवाज आला तर बेल्ट सैल आहे किंवा त्यावर ऑइल सांडले आहे.

खालून खडखड: इंजिनखालचे प्लास्टिकचे कव्हर ऑइल बदलताना काढतात. त्याचे एक-दोन स्क्रू राहिले की खड्ड्यात ते वाजते. आवाज मोठा, पण दुरुस्ती अगदी किरकोळ.

लाल दिवा म्हणजे थांबा

ऑइलचा लाल दिवा ऑइलचा दाब घटल्याची खूण आहे. तो लागला की सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत' हा विचार महागात पडतो. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. चालू इंजिनजवळ वाकताना ओढणी, बाही, बांगड्या सांभाळा. बेल्ट आणि पंखा क्षणात ओढून घेतात.

गॅरेजवाल्याला काय सांगावे?

नुसते 'आवाज येतो' असे सांगू नका. इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चालत्या, एसी बंद केल्यावर थांबतो का, हे सांगा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या आणि बिल जपा. चूक त्यांची असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

माझी मोठी चूक म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करणे. आता आठवडाभर आधी करतो आणि चार दिवस गाडी गावातच फिरवतो. गॅरेजमधून निघण्यापूर्वी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो, खाली वाकून पाहतो, मग इंजिन बंद करून डिपस्टिक तपासतो. आणि मागच्या सीटवरून कुणी 'आवाज येतोय' म्हटले, की आधी गाडी बाजूला घेतो.