मांजरीतून दिसलेले ब्रेक्झिट

द्राक्ष निर्यातदारांना पुण्याजवळची मांजरी माहीत आहे ती राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामुळे. १९९७ साली सुरू झालेल्या या केंद्रात युरोपला जाणाऱ्या द्राक्षांवरील कीडनाशकांच्या अंशांसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपला माल अडवला. त्या धक्क्यानंतर ‘एमआरएल’ (अंशांची कमाल मर्यादा) आणि ‘पीएचआय’ (शेवटची फवारणी ते काढणी यांतील अंतर) हे शब्द नाशिक-सांगलीच्या बागायतदाराच्या रोजच्या बोलण्यात आले. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेला की कंटेनर अडकलाच.

तेव्हा कंटेनर रॉटरडॅमला जावो की लंडनला, नियम एकच होते. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमताने हे बदलू लागले. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२१ पासून अंशमर्यादांची स्वतःची यादी चालवू लागले. सुरुवातीला ती युरोपचीच नक्कल होती, पण पुढचे निर्णय वेगवेगळे होऊ लागले.

वेगळा संसार ब्रिटनला झेपला नाही. युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी पुढे ढकलता ढकलता २०२४ उजाडले. २०२३ च्या विंडसर करारनाम्याने उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचा तिढा सैल केला. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तो युरोपची एकल बाजारपेठ, सीमाशुल्क संघ आणि मुक्त संचार या तिन्हींना आधीच नकार देऊन. सार्वमत चुकले असे म्हणायचे नाही, पण त्याची झळ कमी करायची, अशी पंतप्रधान स्टार्मर यांची कसरत होती.

१९ मे २०२५ च्या लंडन परिषदेत सौदा ठरला. अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्याच्या कराराला युरोप राजी झाला, तर ब्रिटनने आपल्या पाण्यातील युरोपीय मासेमारीला २०३८ पर्यंत मुभा दिली. शिवाय अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्याच्या क्षेत्रात युरोपचे नियम बदलतील तसे ब्रिटननेही बदलायचे. नियम ठरताना म्हणणे मांडता येईल, मत देता येणार नाही. विरोधकांनी याला शरणागती म्हटले.

मत नसताना ब्रसेल्सचे नियम पाळणे आपल्या बागायतदाराला नवे नाही. ब्रिटन मात्र कालपर्यंत ते नियम ठरवणाऱ्यांत होते. बाहेर पडून त्याने नियम टाळले नाहीत, फक्त ते ठरवण्याचा हक्क गमावला. करार प्रत्यक्ष लागू होईपर्यंत याद्या दोनच राहणार. तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतर पहिली फवारणी घेण्याआधी दोन्ही याद्या पाहून घ्या.