गाडी ॲव्हरेज देते, पण पैसे वाचवते का?

कर्जत-खालापूरच्या वाहनधारकांसाठी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात गाडी घ्यायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती ॲव्हरेजची. पेट्रोल लिटरला शंभरी ओलांडून गेल्यावर ती होणारच. पण त्या एका आकड्याच्या भरवशावर सहा-सात लाखांचं कर्ज काढणारी कुटुंबं पाहिली की काळजी वाटते. इंधनाची बचत खोटी नसते. मात्र तिच्यातून गाडीची किंमत वसूल होते का, हे तुम्ही वर्षाला किती किलोमीटर चालवता यावर ठरतं. खालचे हिशेब पेट्रोल 105 रुपये लिटर आणि सीएनजी 80 रुपये किलो धरून केले आहेत. आपल्या पंपावरचे भाव घालून ते पुन्हा मांडून पाहावेत.

गैरसमज 1 : जुनी गाडी पेट्रोल खाते, ती विकून जास्त ॲव्हरेजची घेतली की पैसे वाचतात.

वस्तुस्थिती : कर्जतहून खोपोलीला रोज कामाला जाणाऱ्या माणसाचा हिशेब करू. येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले तर वर्षाला 9,000 किलोमीटर होतात. जुनी गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर वर्षाला 600 लिटर, म्हणजे 63,000 रुपयांचं पेट्रोल लागतं. नवी 22 देत असेल तर 409 लिटर, म्हणजे सुमारे 43,000 रुपये. वर्षाची बचत 20,000 झाली.

आता दुसरी बाजू. नवी गाडी आठ लाखांची, जुनीचे दोन लाख आले आणि उरलेले सहा लाख 9 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण 12,450 रुपये बसतो आणि पाच वर्षांत नुसतं व्याज सुमारे 1 लाख 47 हजार जातं. त्याच पाच वर्षांत इंधनावर वाचले एक लाख. म्हणजे बचतीतून व्याजसुद्धा फिटत नाही, मुद्दल तर दूरच.

त्यात गाडीची किंमत घसरते. विम्यासाठी गाडीचं मूल्य ठरवताना जो घसारा धरतात, त्यानुसार वर्ष पूर्ण होईपर्यंत 15 टक्के आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या दरम्यान 50 टक्के किंमत वजा होते. जुन्या गाडीचा घसारा बहुतेक होऊन गेलेला असतो.

जुनी गाडी वारंवार बंद पडत असेल, दुरुस्तीचा खर्च वाढत असेल किंवा एअरबॅग असलेली सुरक्षित गाडी हवी असेल, तर बदलायला ही कारणं पुरेशी आहेत. फक्त त्या निर्णयाला बचत समजू नये.

गैरसमज 2 : कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज आपल्याला मिळेल.

वस्तुस्थिती : तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवतात. भारतात वर्षानुवर्षं वापरलेल्या चाचणीत कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो, एसी बंद असतो आणि चढण मुळीच नसते. दोन मॉडेलांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, पण महिन्याचं बजेट त्यावर आखता येत नाही.

आपल्याकडचे रस्ते मात्र चढणीचे आहेत. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना बोरघाटात गाडी पाचशे मीटरहून अधिक उंची चढते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतची टॅक्सी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. द्रुतगती मार्गावर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी 80 ऐवजी 100 ने गेलं तर तो दीडपटीहून जास्त होतो. घर ते कर्जत स्टेशन अशा चार-पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापायच्या आतच गाडी थांबते, तेव्हाही इंधन जास्त जळतं. शिवाय पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल करून मीटरचा आकडा लिहावा, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते पाहावं आणि दरम्यानच्या किलोमीटरना त्याने भागावं. असं चार-पाच वेळा केलं की भरवशाचा आकडा मिळतो.

गैरसमज 3 : 20 वरून 25 ची झेप 10 वरून 12 पेक्षा मोठी, म्हणून बचतही मोठी.

वस्तुस्थिती : शंभर किलोमीटरना लागणारं इंधन पाहा. 10 ॲव्हरेजला 10 लिटर लागतात, 12 ला 8.33. वाचले 1.67 लिटर. 20 ला 5 लिटर आणि 25 ला 4, म्हणजे वाचला एकच लिटर. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की या आकड्यांनी बहुतेक लोक फसतात. घरात जुनी जीप आणि छोटी कार अशा दोन गाड्या असतील, तर जीपच्या फेऱ्या कारवर नेण्यातच मोठी बचत आहे. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही.

गैरसमज 4 : सीएनजी घेतला की फायदाच.

वस्तुस्थिती : आधी एकक पाहावं. सीएनजीचं ॲव्हरेज किलोला असतं आणि किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. म्हणून तुलना रुपये प्रति किलोमीटर अशीच हवी. प्रत्यक्षात पेट्रोलवर 18 मिळत असतील तर किलोमीटरला 5 रुपये 83 पैसे पडतात. सीएनजीवर 25 मिळत असतील तर 3 रुपये 20 पैसे. फरक 2 रुपये 63 पैशांचा.

सीएनजी मॉडेलसाठी 90,000 रुपये जास्त मोजले, तर ते साधारण 34,000 किलोमीटरनंतर वसूल होतात. वर्षाला 30,000 किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला सव्वा वर्षही लागत नाही. खोपोलीच्या आपल्या नोकरदाराला पावणेचार वर्षं लागतील. कर्जत स्टेशनला गाडी लावून लोकल पकडणाऱ्याची गाडी वर्षाला 3,000 किलोमीटर चालत असेल, तर त्याला अकरा वर्षांहून जास्त. पंपावरची रांग, सिलिंडरने व्यापलेली डिकी, घाटात जाणवणारी ताकदीची घट आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी हेही हिशेबात धरावं.

गैरसमज 5 : जास्त फिरायचं तर डिझेलच.

वस्तुस्थिती : 2010 साली पेट्रोलचे आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, आणि दोन्हींतली जुनी मोठी तफावत आटली. गाडी घेताना महाराष्ट्रात डिझेलवर वाहनकरही पेट्रोलपेक्षा जास्त लागतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. रोज स्टेशनपुरतीच चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो.

गैरसमज 6 : घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं.

वस्तुस्थिती : हा समज जिवावर बेतणारा आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठा थांबतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. बोरघाटातून खोपोलीकडे किंवा माथेरानहून नेरळकडे उतरताना खालच्या गिअरमध्येच राहावं.

मग गाडी कोणी बदलावी? वर्षाला दहा हजारांच्या आत चालवणाऱ्याने आहे ती गाडी वेळेवर सर्व्हिसिंग करून आणि टायरमध्ये योग्य हवा ठेवून वापरावी. पंधरा-वीस हजारांच्या पुढे चालवणाऱ्याला, विशेषतः टॅक्सी चालकाला, सीएनजी खरोखर तारतो. विजेवरच्या गाडीलाही हीच कसोटी लावावी: जास्तीची किंमत भागिले किलोमीटरमागची बचत. आणि मुंबईला रोज जाणाऱ्याने हेही मांडून पाहावं की कर्जतहून सीएसएमटी सुमारे 100 किलोमीटरवर आहे. लिटरला 20 देणाऱ्या गाडीलाही जाऊन-येऊन 1,050 रुपयांचं पेट्रोल लागतं, आणि टोल व पार्किंगचा खर्च ॲव्हरेज पाहून कमी होत नाही. त्यामुळे तिथे लोकलचा पासच सर्वांत मोठी बचत करतो.